लायनेल कॉनाकर: ‘जन्मजात देणगी’च्या गोष्टीतून गळलेले कष्ट

कॅनडाचा खेळाडू लायनेल कॉनाकर याच्याबद्दल एक मजकूर सतत फिरतो: सगळे खेळ त्याला उपजतच यायचे, १९२१ची ग्रे कपची (कॅनडातल्या फुटबॉलच्या सर्वोच्च करंडकाची) फायनल त्याने कंटाळून अर्ध्यावर सोडली, आणि पैशाला तो कधी शिवला नाही. वाचायला छान वाटतं, पण त्यात माणूसच हरवला आहे.

उपजत? १९०० साली टोरोंटोतल्या गरीब घरात तो जन्मला, दहा भावंडांतला एक. आठवीनंतर शाळा सुटली आणि अंगमेहनतीचं काम गळ्यात पडलं. पुढे ज्या बर्फावरच्या हॉकीवर त्याचं पोट चाललं, त्या हॉकीसाठी तो स्केटवर उभा राहिला तोच सोळाव्या वर्षी. कॅनडात एवढा उशीर म्हणजे फारच झाला. स्केटिंग कच्चं आहे हे ओळखून तो बाकावर बसून चांगल्या खेळाडूंना निरखायचा आणि शिकायचा. फुटबॉल मात्र तो लहान वयापासून खेळत होता. हा फुटबॉल म्हणजे रग्बीतून निघालेला, लंबगोल चेंडूचा खेळ.

आता ती फायनल. ३ डिसेंबर १९२१, टोरोंटो. पश्चिम कॅनडाचा संघ ग्रे कपसाठी प्रथमच आला होता, एडमंटनचा. टोरोंटो आर्गोनॉट्स या त्याच्या संघाने त्यांना २३-० हरवलं, त्यातले १५ गुण एकट्या कॉनाकरचे. तिसऱ्या क्वार्टरनंतर, सामना हातात आल्यावर, तो निघाला. कारण त्याच दिवशी त्याचा हॉकीचा सामना होता. याला कंटाळा म्हणणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

पैशाचा मुद्दा मला सर्वांत खटकतो. सुरुवातीला व्यावसायिक हॉकीचे प्रस्ताव त्याने नाकारले हे खरं. पण तेव्हाच्या नियमांनुसार एका खेळात पैसे घेतले की बाकी सगळ्या खेळांतली हौशी दारं बंद व्हायची. १९२५मध्ये तो पिट्सबर्गच्या हॉकी संघातून व्यावसायिक झालाच. १९३४ला शिकागो आणि १९३५ला मॉन्ट्रियल मरून्सकडून हॉकीतला सर्वोच्च करंडक, स्टॅन्ले कप, जिंकला. ती त्याची मजुरी होती, आणि तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलाने अंगातल्या ताकदीवर कमावलं, तर ते अभिमानाने सांगावं.

१९५०मध्ये कॅनडाने त्याला अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं, तेव्हा तो खासदार होता.