मूठ बारीक हवी, आखूड नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

रोज अंगावर लपवून बाळगायच्या पिस्तुलाचा आकार कसा ठरवावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे अन्यायाचे होईल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा : मी ग्लॉक १९ च्या आकाराचे, म्हणजे मध्यम, पिस्तूल सुचवले हे उंच, धिप्पाड पुरुषाला समोर ठेवून केलेले लिखाण आहे, लहान हाताच्या स्त्रीला लहान पिस्तूलच योग्य, आणि म्हणून आपण स्वतः ग्लॉक २६ घेऊन ते पर्समध्ये ठेवता, घरी कपाटात राहिलेल्या मोठ्या पिस्तुलापेक्षा जवळ असलेले छोटे केव्हाही बरे, आणि सामान्य माणसाला पाच-सहा गोळ्या पुरेशा असतात. शेवटी आपण असेही लिहिले आहे की विद्यार्थी व्हिसावर डॅलसला शिकणाऱ्या आपल्या भाचीलाही आपण असेच छोटे पिस्तूल घ्यायला सांगितले आहे.

भाचीचा विषय आधी घेतो, कारण तो आकाराच्या चर्चेसाठी थांबू शकत नाही. कृपया तिला थांबवा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद त्याला आहेत, परंतु ते गृहीत धरून चालण्यासारखे नाहीत, आणि अशा व्यक्तीला जाणूनबुजून शस्त्र विकणे किंवा देणे हाही गुन्हा आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते हे खरे. पण त्या वाक्यातला ‘पात्र’ हा शब्द संघीय मनाईला बांधलेला आहे. ग्रीन कार्डधारकांची गोष्ट वेगळी. आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण अनेक वर्षे एच-१बी व्हिसावर असतात, म्हणून हे सर्वांसाठीच स्पष्ट लिहितो.

आता मूळ आक्षेपाकडे वळतो. मी पुरुषाच्या अंगाने लिहिले, हा आपला आरोप मी मान्य करतो. लेखात कमरेचा पट्टा आणि सैल शर्ट गृहीत धरले होते, आणि हाताच्या मापाबद्दल एक शब्दही नव्हता. ही मोठी उणीव होती. मात्र ती भरून काढण्यासाठी आपण जो नियम मांडता, की लहान हाताला लहान पिस्तूल, तो मला पटत नाही, कारण त्यात ‘लहान’ या एका शब्दात तीन वेगवेगळी मापे एकत्र बांधली गेली आहेत. पिस्तुलाला नळीची लांबी असते, मुठीची उंची असते आणि मुठीची जाडी असते. ही तिन्ही मापे तीन वेगळी कामे करतात, आणि एक कमी केले की दुसरे आपोआप कमी होत नाही.

आपलेच ग्लॉक २६ पाहा. त्याची उंची सुमारे १०६ मिलिमीटर आहे आणि ग्लॉक १९ ची सुमारे १२८. म्हणजे मूठ दोन सेंटिमीटरहून अधिक आखूड झाली. परंतु जाडी जवळजवळ तीच राहिली, कारण दोन्हींच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, गोळ्या दुहेरी रांगेतच बसतात. लहान हाताची खरी अडचण कोणती असते? तळव्याच्या मागच्या भागापासून चापापर्यंत बोट नीट पोचत नाही. मग माणूस मूठ थोडी फिरवून धरतो, आणि धक्का मनगटाच्या रेषेत येण्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. ही अडचण जाडीची आहे. मूठ आखूड केल्याने ती सुटत नाही, उलट करंगळी खाली लोंबकळू लागते आणि आधीच अपुऱ्या असलेल्या पकडीतून एक बोट वजा होते. लहान हाताला बारीक मूठ हवी. आखूड मूठ ही लपवण्याची सोय आहे, धरण्याची नव्हे.

याउलट २०१९ मध्ये आलेले ग्लॉक ४३एक्स पाहा. त्याची उंची ग्लॉक १९ इतकीच, म्हणजे सुमारे १२८ मिलिमीटर, पण ते त्याहून पुष्कळ सडपातळ आहे, आणि मॅगझिनमध्ये आपल्या ग्लॉक २६ इतक्याच दहा गोळ्या मावतात. माझी पत्नी उंचीने पाच फूट एक इंच आहे. आम्ही भाड्याने पिस्तुले देणाऱ्या एका नेमबाजीच्या रेंजवर दोन शनिवार घालवले आणि तिने ही दोन्ही, शिवाय माझे ग्लॉक १९, प्रत्येकी पन्नास गोळ्या झाडून पाहिली. मी सल्ला द्यायचा नाही असे आधीच ठरले होते. तिला २६ पेक्षा १९ बरे वाटले, आणि १९ पेक्षा ४३एक्स. एका व्यक्तीचा अनुभव हा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे; पण मुठीच्या मापांवरून जे अपेक्षित होते, तेच तिच्या हाताने सांगितले.

वजनाबद्दल आपण लिहिता की हलके पिस्तूल स्त्रियांना पेलते. बाळगताना पेलते, हे निर्विवाद आहे. झाडताना मात्र तेच वजन आपल्या बाजूने काम करत असते. गोळी आणि दारू तीच असेल तर पिस्तुलाला मागे मिळणारा संवेग तोच राहतो, आणि त्यामुळे धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. रिकाम्या वजनाच्या हिशोबाने सुमारे ५०० ग्रॅमचे सिग पी३६५ हे छोटे पिस्तूल आणि सुमारे ६७० ग्रॅमचे ग्लॉक १९ घेतले, तर त्याच ९ मिलिमीटर गोळीला पहिल्यात धक्का साधारण एकतृतीयांशाने अधिक बसतो. मी स्वतः सुरुवात खिशात मावणाऱ्या एका .३८० (९ मिलिमीटरहून कमी जोराच्या गोळीच्या) पिस्तुलाने केली होती. पहिल्या दिवशी पन्नास गोळ्यांचा डबा संपेपर्यंत अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली, आणि पुढचे चार महिने मी सरावाला गेलोच नाही. पिस्तूल रोज खिशात होते. ते चालवण्याची क्षमता मात्र रोज थोडी थोडी कमी होत होती. आपल्या ‘जवळ असलेले छोटे’ या युक्तिवादात ही बाजू येत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो.

छोट्या पिस्तुलात आणखी एक गोष्ट अवघड होते, आणि तिचा त्रास मनगटात कमी जोर असलेल्यांना सर्वांत जास्त होतो. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, जितकी लहान आणि हलकी, तितकी तिला आवरणारी स्प्रिंग कडक ठेवावी लागते, आणि म्हणून ती हाताने मागे ओढणे कठीण जाते. वयस्कर वाचकांसाठी आणि संधिवात असलेल्यांसाठी सांगतो : २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३८० चे ‘शील्ड ईझेड’ नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून आणले, आणि ते काही चिमुकले पिस्तूल नाही. त्याची नळी पावणेचार इंचांच्या आसपास आहे. स्लाइड सहज ओढता यावी म्हणून बनवलेले पिस्तूल खिशातल्या आकाराचे नाही, यातच पुष्कळ काही आले.

नेमाचेही तसेच आहे. नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली पुढची माशी (छोटा उंचवटा) आणि मागची खाच यांतले अंतर १०० मिलिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर बाजूला गेली, तर सात यार्डांवर गोळी सुमारे ६४ मिलिमीटर चुकते. अंतर १५० मिलिमीटर असेल तर तीच चूक सुमारे ४३ मिलिमीटरवर येते. छोटे पिस्तूल अचूक नसते असे नाही. ते चूक माफ करत नाही, आणि म्हणून ते नवशिक्यापेक्षा मुरलेल्या हाताला अधिक शोभते. दुकानदार मात्र पहिल्यांदा आलेल्या स्त्रीसमोर बहुतेक वेळा तेच ठेवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही समजूत केवळ अमेरिकेतली नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ हे .३२ चे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले, तेव्हाही सर्वांत ठळकपणे सांगितले गेले ते त्याचे सुमारे ५०० ग्रॅम वजन. एवढे खरे की .३२ ची गोळी सौम्य असल्याने तिथे हलकेपणाची किंमत ९ मिलिमीटरइतकी मोजावी लागत नाही. भारतातील परवान्यांची, मनाई असलेल्या बोअरची (नळीच्या मापाची) आणि किमतींची चौकट संपूर्ण निराळी आहे, आणि या लेखातील सल्ला तिथल्या वाचकांनी तसाच्या तसा घेऊ नये.

आता घरी राहिलेल्या पिस्तुलाविषयी. या मुद्द्यात तथ्य आहे, आणि मी तो हलक्यात घेतला ही माझी चूक. भरलेले ग्लॉक १९ साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जाते. ते नको वाटावे असे दिवस येतातच. परंतु माझा अनुभव असा की लोक पिस्तूल घरी ठेवतात त्याचे कारण बहुतेकदा पट्टा आणि होल्स्टर (पिस्तूल अडकवण्याचे म्यान) असते, आणि दोष आकाराला दिला जातो. कपड्यांच्या दुकानातला मऊ पट्टा वजनाने वाकतो, मूठ अंगापासून सुटून बाहेर झुकते, शर्टावर उंचवटा दिसतो, आणि माणूस दिवसभर शर्ट खाली ओढत राहतो. ताठ पट्टा आणि मुठीला आत ढकलणारा पंख असलेले होल्स्टर घेतल्यावर तेच पिस्तूल दिसेनासे होते. इथे नळीची लांबी फारशी आड येत नाही, कारण नळी पट्ट्याच्या खाली, पँटच्या आत असते. पोटाच्या पुढच्या बाजूला बाळगणाऱ्यांना तर थोडी लांब नळी उपयोगीच पडते, कारण ती तरफेसारखी वरच्या मुठीला पोटाकडे दाबते. लपवायला सर्वांत कठीण असते ती मुठीची उंची. म्हणून ४३एक्सची मूठ २६ पेक्षा दोन सेंटिमीटर अधिक लपवावी लागते, हा त्याचा तोटा मी मान्य करतो. शिवाय स्त्रियांची कंबर आणि नितंब यांतला फरक अधिक असल्याने बाजूला लावलेल्या पिस्तुलाची मूठ बरगड्यांत रुतते, हे मला पत्नीकडून कळले. लेख लिहिताना ते माझ्या ध्यानातही नव्हते.

आणि जिथे पट्टाच नाही, साडी आहे, पंजाबी ड्रेस आहे, पार्टीचा झगा आहे, तिथे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. अशा वेळी चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरसह पोटपट्टीत बसणारे छोटे, हलके पिस्तूल हाच व्यवहार्य पर्याय उरतो. त्या दिवसापुरते ते योग्य. माझा आग्रह इतकाच की शिकण्याचे आणि बहुतेक दिवसांचे पिस्तूल ते असू नये.

पर्सबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. पर्स खांद्यावरून उतरते, खुर्चीला लटकते, मॉलच्या ट्रॉलीत ठेवली जाते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने ट्रॉलीत बसल्या बसल्या आईच्या पर्समधले पिस्तूल काढले आणि त्याच्या हातून आईचा जीव गेला. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती, तिला वेगळा चेनचा कप्पा होता. आपण आपल्या नातवाला शाळेतून आणता असे प्रतिक्रियेतच लिहिले आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की इतर कोणताही मुद्दा पटला नाही तरी पर्सचा विचार आजच करा. शाळेच्या परिसरासाठीचे कायदे तर त्याहून कडक आहेत. ते वाचल्याखेरीज तिकडे शस्त्र नेऊच नका.

गोळ्यांच्या संख्येवर वाद घालावा असे मला वाटत नाही. १९५० मध्ये आलेल्या स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेम या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच होत्या, २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये सहा, आणि २०१८ मध्ये सिग पी३६५ ने जवळपास तेवढ्याच आकारात दहा बसवल्या. लहान आकार म्हणजे कमी गोळ्या हे गणित तेव्हापासून सैल झाले आहे. जिथे मॅगझिनला दहाची मर्यादा आहे, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सी, तिथे मोठ्या पिस्तुलाचा अधिक गोळ्यांचा फायदा तसाही उरत नाही. पहिल्या दोन गोळ्या कुठे लागतात याला मी अधिक महत्त्व देतो.

त्यासाठी एक मोजमाप सुचवतो. टेक्सासचा परवाना आता ऐच्छिक असला तरी त्याची नेमबाजीची परीक्षा वापरण्यासारखी आहे : तीन यार्डांवरून वीस गोळ्या, सातवरून वीस, पंधरावरून दहा, एकूण २५० गुण, उत्तीर्ण व्हायला १७५. ती फार कठीण नाही. आपले ग्लॉक २६ आणि रेंजवरून भाड्याने घेतलेले ४३एक्स, दोन्हींवर ही परीक्षा एकाच दिवशी द्या, पण क्रम असा ठेवा की आपले सवयीचे पिस्तूल आधी आणि दमलेल्या हाताने नवखे नंतर, म्हणजे झुकते माप २६ ला मिळेल. पंधरा यार्डांच्या दहा गोळ्या वेगळ्या मोजा. त्यातही २६ सरस ठरले, तर ते आपल्या हाताला योग्य आहे असे मी मानेन, तसे लेखात नोंदवीन, आणि पट्टा व होल्स्टर निवडण्यात जे काही साहाय्य करता येईल ते आनंदाने करीन.