लाइव्ह दिसतंय ना?

बडोद्यात रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत कुठल्याही कमर्शियल कॉम्प्लेक्समध्ये कॅमेरे लावायचं ठरलं, की 'नेमकं काय बघायचंय' असं कुणी विचारत नाही. 'किती चॅनल?', म्हणजे रेकॉर्डरला किती कॅमेरे, असं विचारतात. ही परंपरा तुम्हीही मोडू नका. खाली बावीस दुकानं, वर तीन मजले ऑफिसं, दोन जिने, एक लिफ्ट, बेसमेंटला पार्किंग, म्हणजे सोळा चॅनल. सोळाच का? रेकॉर्डर आठचा मिळतो, सोळाचा मिळतो, बत्तीसचा मिळतो, आणि सोळा म्हटलं की कमिटीत कुणाला ते कंजूषपणाचंही वाटत नाही आणि उधळपट्टीचंही. आधी आकडा ठरवा, मग जागा शोधा. कशासाठी, ते मेंटेनन्सच्या पुढच्या मीटिंगला बघू.

कोटेशनं तीन मागवा, पण वाचायची फक्त खालची बेरीज. वरच्या ओळींत लेन्सचे मिलिमीटर, केबलचा प्रकार, डिस्कचे टीबी असलं काहीबाही असतं, त्यात डोकं घालू नका. सगळ्यात स्वस्त माणसाला बोलवा, चहा पाजा आणि अजून पाच हजार कमी करायला लावा. तो करतो. ते पाच हजार तो स्वतःच्या खिशातून घालणार नाही एवढं तुम्हालाही कळतं, पण कुठून काढले हे विचारायचं नाही.

तरी सांगतो. केबलमधून काढले. तांब्याच्या कॅट-सिक्सऐवजी त्याने तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल ओढली. बाहेरून दोन्ही सारख्या, तार चाकूने खरवडली की आत पांढरं निघतं. म्हणून खरवडू नका. हिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचेतो व्होल्टेज गळतं. उरलेले पैसे त्याने पीओई स्विचमध्ये, म्हणजे चित्राच्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात, वाचवले. एकेका स्विचवर आठ पोर्ट आहेत, ते मोजून घ्या आणि समाधान माना. आठ पोर्ट मिळून एकूण किती वॉट देणार, ते मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असतं: समजा ६०. दिवसा एक कॅमेरा चार-पाच वॉट खातो, आठांचे झाले चाळीस, सगळं गुण्यागोविंदाने चालतं. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे पेटतात, तोच कॅमेरा आठ-नऊ वॉट मागतो, बेरीज सत्तरपाशी जाते आणि स्विच शेवटचे एकदोन पोर्ट बंद करतो. पहाटे उजाडलं की कॅमेरे आपोआप जिवंत. कमिटी सकाळी अकराला बघायला येते आणि सेक्रेटरी विचारतात, "लाइव्ह दिसतंय ना?" दिसतंय की! काम पास, चेक सही.

आता लेन्स. २.८ मिलिमीटरचीच घ्या, सोळाच्या सोळा. ती जवळजवळ १०० अंशांचं दृश्य घेते. एकाच चित्रात गेट, चार दुकानं, रस्ता, समोरची शेव-उसळीची लारी आणि तिथे तर्री वाढून घेणारी निम्मी कमिटी. मॉनिटरवर असं भरगच्च चित्र दिसलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. हिशोब करायचा नसतो, पण करणारे करतात. अनोळखी माणसाची ओळख पटवायला एका मीटरला २५० पिक्सेल लागतात, आणि माहितीतला माणूस ओळखायचा तर १२५. हे आकडे आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतले, कुण्या दुकानदाराच्या डोक्यातले नव्हेत. ४ मेगापिक्सेलचं चित्र आडवं २५६० पिक्सेल. २.८ च्या लेन्सला १२ मीटरवर जवळपास साडेअठ्ठावीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे मीटरला नव्वद. चेहरा १६ सेंटीमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला आले चौदा. चौदा ठिपके, चौदा ओळी! एवढ्यात आपल्याकडे दिवाळीची रांगोळी निघते, चोराचा चेहरा निघत नाही. या लेन्सवर २५० चा आकडा गाठायचा तर चोराला कॅमेऱ्यापासून सव्वाचार मीटरच्या आत उभं करावं लागेल. तशी पाटी लावून बघायला हरकत नाही.

काही नतद्रष्ट लोक मात्र रुंद कॅमेरा आवारासाठी ठेवतात आणि मुख्य दाराकडे वेगळा, ६ मिलिमीटरचा, अरुंद नजरेचा एकच कॅमेरा रोखतात. त्याला लारी दिसत नाही, रस्ता दिसत नाही, आठ मीटरवरचं दार तेवढं दिसतं. पण त्या दारातून येणाऱ्या प्रत्येकाला मिशी आहे की नाही, हेही दिसतं. असा कॅमेरा मीटिंगमध्ये दाखवायला अगदीच रूक्ष. शिवाय पुढे 'झूम करा ना' म्हणायची गंमतही जाते. रेकॉर्ड झालेलं चित्र झूम केलं की तेच चौदा ठिपके मोठे होतात, पंधरावा येत नाही, हे समजावण्यात जी करमणूक आहे ती तुम्ही का सोडावी?

कॅमेरा लावायचा उंच. कुणी हात लावू नये म्हणून १४ फुटांवर. आठ-नऊ फुटांवर लावला तर चेहरा समोरून येतो, १४ वरून भांग, टोप्या आणि टक्कल येतं. टक्कल हीही एक ओळखच आहे, नाही असं नाही.

दार काचेचं आणि पश्चिमेला तोंड करून असेल तर सोन्याहून पिवळं. दुपारी चारनंतर आत येणारा प्रत्येक जण काळ्या कागदातून कापून काढल्यासारखा दिसतो. यावर उपाय १२० डेसिबलच्या खऱ्या डब्ल्यूडीआरचा, म्हणजे ऊन आणि सावली एकाच चित्रात सांभाळणाऱ्या सोयीचा. त्यात कॅमेरा कमी-जास्त उजेडाची दोन चित्रं घेऊन जोडतो. खोक्यावर नुसतं 'डिजिटल डब्ल्यूडीआर' लिहिलेलं असेल तर तो चित्र काढल्यावर केलेला रंगसफेदीचा प्रकार. दोन्ही खोक्यांवर डब्ल्यूडीआर ही अक्षरं असतातच, तेव्हा कमी किमतीचं उचला. डेमो सकाळी दहाला घ्या.

रात्रीसाठी गोल काचेचा डोम घ्या, दिसायला भारी. पुसताना त्यावर बारीक चरे पडले की स्वतःचेच इन्फ्रारेड दिवे त्याच्या डोळ्यांत जातात आणि सगळं दुधाळ होतं. पांढऱ्या भिंतीला खेटून लावला तर भिंत लखलखते, बाकी काळोख. कोळ्याला ही जागा फार आवडते, आणि त्याचा एक धागा इन्फ्रारेडमध्ये दोरखंडाएवढा दिसतो. पार्किंगला 'रात्रीही रंगीत' वाला घ्या. उजेड पुरत नाही म्हणून त्याचं शटर रेंगाळतं आणि चालती स्कूटर धूमकेतूसारखी शेपटी सोडत जाते. नंबर प्लेट हवीच असेल तर गाडी थांबते त्या बूमपाशी, म्हणजे गेटच्या आडव्या दांडीपाशी, प्लेटच्या शक्य तितकं समोर, अरुंद लेन्सचा आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या शटरचा स्वतंत्र कॅमेरा लागतो. पावसाळ्यात विश्वामित्रीतून आलेली मगर मात्र कुठल्याही कॅमेऱ्यात नीट दिसते. तिला फारशी घाई नसते.

वायफायचे कॅमेरे? चार मजली आरसीसीत? जरूर घ्या.

हार्ड डिस्क २ टीबीची. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीवर, सेकंदाला पंधरा फ्रेम आणि सरासरी दोन मेगाबिट धरले तर एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो. सोळा मिळून झाले ३४५. दोन टीबी सहाव्या दिवशी भरते आणि सातव्या दिवसाचं चित्र पहिल्यावर लिहिलं जातं. गुजरातच्या २०२२ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यात गर्दीच्या आस्थापनांनी ३० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं म्हटलंय. त्याला दहा टीबीच्या वर जागा लागते. एवढी डिस्क म्हटलं की खजिनदार डोळे वटारतात, तेव्हा सहा दिवसांवर भागवा, नाहीतर मधला मार्ग काढा: रिझोल्यूशन खाली आणा. मग महिना मावतो आणि चेहऱ्याचे चौदा ठिपके सात होतात. शिवाय कुणाच्या तरी जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क घाला. ती रोज आठ तास चालायला बनलेली असते, तिला चोवीस तास लिहायला लावा. मेली तर रेकॉर्डर बीप करतो. बीपचा त्रास होतो म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करायची सोय आहे.

रेकॉर्डर ठेवायचा मॉनिटरखालीच, वॉचमनच्या टेबलावर, म्हणजे चोराला शोधावा लागत नाही. नाहीतर बेसमेंटमध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा अशा बेसमेंटांत आधी पाणी भरलं, आणि पाणी कसं भरलं हे सांगणारा रेकॉर्डर त्याच पाण्यात होता. पहिल्या मजल्यावर कुलुपाचा, हवा खेळणारा रॅक घेणारे लोक पैशाने माजलेले.

गच्चीवरून केबल मोकळी सोडा. पाइपात घातली तर उत्तरायणाला मांजा कशात अडकणार? जोडणीही बाहेरच लोंबू दे. कॅमेऱ्यावर आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, असं लिहिलंय ते त्याच्या धडापुरतं, शेपटीला लागू नाही. जंक्शन बॉक्स न घेता वाचवलेले पैसे पहिल्या पावसात पिनांवरच्या हिरव्या गंजाच्या रूपाने परत मिळतात. इन्व्हर्टरवर रेकॉर्डर आणि मॉनिटर तेवढे जोडा, कॅमेऱ्यांचा स्विच नको. लाइट गेल्यावर सोळा काळे चौकोन अखंड दिसत राहतात.

पासवर्ड आला तसाच ठेवा, किंवा कॉम्प्लेक्सचं नाव आणि पुढे १२३. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने साठेक सरधोपट पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइटी पाडल्या. तुमच्या सोळा कॅमेऱ्यांचं कुठे तरी नाव झालं तर वाईट काय? ९ एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालं, तेव्हा कुणी 'आधीचा माल पडलाय, निम्म्यात देतो' म्हणालं तर सोडू नका.

एवढं सगळं नीट पार पाडलंत की मग एका सकाळी हवालदारसाहेब येतात. पार्किंगमधून स्कूटर गेलीय, दहा दिवसांपूर्वी. रेकॉर्डरचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आणि बसवणारा फोन उचलत नाही. दुपारी एकदाचा उघडतो, तर त्याच्या घड्याळात १ जानेवारी २०००, कारण आतला बटणसेल संपलाय आणि वेळ नेटवरून घ्यायची खूण कुणी केली नव्हती. शोधाशोध केल्यावर सगळ्यात जुनं चित्र सापडतं ते सहा दिवसांपूर्वीचं. सापडलं असतं तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅशसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक आकड्यासकट, प्रमाणपत्र लागलं असतं, आणि ते कुणी द्यायचं यावर अजून एक मीटिंग झाली असती. सेक्रेटरी अस्वस्थ, खजिनदार कोटेशनची फाइल शोधतायत. शेवटी वॉचमन खुर्ची पुढे सरकवतो आणि म्हणतो, "साहेब, लाइव तो चालू छे!"

खरंच चालू असतं. सोळाव्या चौकोनात हवालदारसाहेबांची टोपी अगदी स्वच्छ दिसत असते.