दहा मैलांवरचा प्रतिस्पर्धी

हे लिहितोय तो मार्च २०२५ चा पहिला आठवडा आहे. या शनिवारी, ८ मार्चला, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपल हिलच्या डीन स्मिथ सेंटरमध्ये, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या घरी, ते विद्यापीठ आणि ड्यूक विद्यापीठ यांची बास्केटबॉलमध्ये पुन्हा गाठ पडणार आहे. पहिला सामना १ फेब्रुवारीला ड्यूकच्या घरी, डरहॅमला झाला. ड्यूकने तो ८७-७० असा जिंकला. ड्यूकच्या, डिसेंबरात अठरा पूर्ण केलेल्या कूपर फ्लॅगने २१ गुण, ८ रिबाउंड (बास्केट हुकल्यावर पकडलेले चेंडू) आणि ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले. तेव्हापासून आमच्या भागात, म्हणजे रॅले, डरहॅम, कॅरी या पट्ट्यात, ऑफिसपासून भारतीय किराणा दुकानापर्यंत एकच विषय आहे: परतीच्या सामन्यात काय होणार?

कागदावर उत्तर सोपं आहे. ड्यूक देशात दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि आपल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी गटात, फक्त क्लेम्सनकडून हरला आहे. बास्केटखाली दक्षिण सुदानचा खमान मलुआच उभा असतो, उंची सात फूट दोन इंच. नॉर्थ कॅरोलायनाकडे या उंचीला उत्तर नाही. त्यांची सारी भिस्त आर. जे. डेव्हिसवर आणि त्याच्याबरोबरच्या चपळ गार्डांवर, म्हणजे चेंडू खेळवत नेणाऱ्या खेळाडूंवर. डेव्हिसचं हे पाचवं आणि शेवटचं वर्ष, आणि हा त्याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. संघ लागोपाठ सहा सामने जिंकून आलाय, तरी ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेतली त्यांची जागा अजून पक्की नाही. शनिवारी ड्यूकला हरवलं तर निवड समितीला त्यांच्याकडे नव्याने पाहावं लागेल. माझा कौल ड्यूकलाच आहे. पण सतरा गुणांचा फरक राहणार नाही.

या दोघांच्या बाबतीत कागदावर भरवसा ठेवू नये हे २०२२ ने शिकवलं. त्या फेब्रुवारीत ड्यूकने चॅपल हिलला येऊन ८७-६७ असा धुव्वा उडवला होता. महिन्याभराने, ५ मार्चला, ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. १९८० पासून ते तिथे होते, पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर. निरोपाला त्यांचे कितीतरी जुने खेळाडू जमले होते. आणि नॉर्थ कॅरोलायनाने, ह्युबर्ट डेव्हिस या पहिल्याच वर्षाच्या प्रशिक्षकाच्या संघाने, तो सामना ९४-८१ असा नेला. चार आठवड्यांनी न्यू ऑर्लिन्सला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पुन्हा हेच दोघे. १९२० पासून एकमेकांशी खेळणारे हे संघ त्या स्पर्धेत त्याआधी कधीच भिडले नव्हते. नॉर्थ कॅरोलायना ८१-७७. शशेफ्स्कींची कारकीर्द तिथेच संपली. इथे आजही लोक त्या तीन सामन्यांची गोष्ट एका दमात सांगतात, कारण दुसऱ्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही आणि तिसऱ्याला तर नाहीच.

इकडे हे चालू असताना घरून, महाराष्ट्रातून, येणाऱ्या बातम्यांतही खेळ आहे. पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं आणि वाद रंगला तो बक्षिसाच्या रकमेचा. गेल्या महिन्यात उत्तराखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने जवळपास दोनशे पदकं जिंकली. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने इच्छापत्र दिलंय. पुण्यातल्या मित्रांशी बोलताना गाडी दर वेळी एकाच ठिकाणी येते: अमेरिकेतल्या कॉलेजांकडे पैसा आहे, आपल्याकडे तो कुठून येणार?

पैसा आहे, हे खरंच. पण ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० सालचं आहे, आणि त्यात ९,३१४ माणसं मावतात. दर वर्षी जानेवारीपासून विद्यार्थी त्याच्या बाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून राहतात, थंडीत, पाळ्या लावून, लॅपटॉपवर गृहपाठ करत. रात्री-अपरात्री तपासणी होते, आणि तंबूत ठरलेली माणसं नसली तर नंबर जातो. हे सगळं कशासाठी, तर नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यात मैदानालगत दोन तास उभं राहायला मिळावं म्हणून. दहा मैलांवर राहणारा, दर मोसमात दोनदा भेटणारा, एकदा त्याच्या घरी आणि एकदा आपल्या घरी भेटणारा प्रतिस्पर्धी असला की हे घडतं.

उलट पैशाने इथे नुकसानही केलंय. १९५३ मध्ये शेजारपाजारच्या विद्यापीठांनी मिळून सुरू केलेल्या या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये २०२४ मध्ये टीव्हीच्या कमाईसाठी थेट कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आलं. आता अठरा संघ झाले, आणि बहुतेकांशी मोसमात एकदाच गाठ पडते. परतीचे सामने त्यात गेले. आणि ज्या चॅपल हिलचं, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं, मी कौतुक करतो, तिथे अठरा वर्षं जवळजवळ न भरणारे वर्ग चालवून खेळाडूंना गुण दिले जात होते, हे २०१४ च्या चौकशी अहवालात सविस्तर आलंय. याची नक्कल कुणी करू नये.

पण आपल्याकडे कॉलेजसाठी घसा फोडणारी पोरं नाहीत, हे मला कुणी सांगू नये. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी ज्याने ऐकली आहे, त्याला कॅमेरॉनमध्ये नवं काही वाटणार नाही. तीच पोरं कॉलेजच्या कबड्डी संघाच्या सामन्याला का नसतात? कारण सामना कधी आणि कुठे होता हेच त्यांना कळत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने दोन-चार दिवसांत, भर दुपारी उरकतात. हरलेला संघ संध्याकाळी घरी. ज्याच्याकडून हरलो त्याला पुन्हा गाठायला वर्षभर थांबायचं, तेही सोडतीत नाव आलं तर. तोवर संघातली निम्मी मुलं पास होऊन गेलेली असतात.

पैलवान खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपला खेळाडू म्हणजे आपलं कॉलेज, असं मानणारा माणूस आपल्याकडे होता. आज अकरावी-बारावीला कितीतरी मुलं कॉलेजात नावापुरती असतात, दिवस कोचिंग क्लासमध्ये जातो. त्यांनी आवाज द्यायचा तो कुणासाठी? ही माझी सर्वांत मोठी खंत आहे, आणि पदकांच्या यादीने ती कमी होत नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, कोणत्याही एका शहरातली सहा कॉलेजं घ्या. खेळ एकच, कबड्डी, खो-खो किंवा बास्केटबॉल. साखळी पद्धत, आणि प्रत्येकाशी दोन सामने, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. वेळ संध्याकाळी सहाची, वर्ग सुटल्यावर. वेळापत्रक जूनमध्येच फाटकावर लावा. प्रत्येक संघाला दहाच सामने येतात, त्यातले पाच घरी, आणि बाकी पाचांसाठी शहरातल्या शहरात बसचं तिकीट काढावं लागेल. एवढा खर्च जिमखान्याच्या फीमध्ये बसतो. पहिल्या वर्षी प्रेक्षक कमी येतील. पण पहिल्या फेरीत घरच्या मैदानावर हरलेलं कॉलेज दुसऱ्या फेरीला निघेल, तेव्हा संघाबरोबर कितीजण जातात ते मोजा, आणि मग पैशाविषयी बोलू.