रिग्लीची वेल

प्लेऑफला (म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांना) चारऐवजी बारा संघ घेतल्याने अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची मजा गेली, हे अमेरिकी खेळांवरच्या लेखातलं मत नाही पटलं. चारच संघ असताना बॉयझी स्टेटसारख्या, मोठ्या लीगबाहेरच्या विद्यापीठाच्या संघाला कोणी दारात उभं केलं असतं का? २०२४ला ते आत आले! बेसबॉलच्या जुन्या मैदानांची मजा वेगळीच, याच्याशी मात्र शंभर टक्के सहमत. बॉस्टनचं फेनवे (१९१२) आणि शिकागोचं रिग्ली (१९१४) दोन्ही पाहून झालीत. रिग्लीत भिंतीवरच्या वेलीत चेंडू अडकला की फील्डर दोन्ही हात वर करतो, आणि बॅटरला दोन बेस, म्हणजे थेट दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायला मिळतं. आमच्या गल्लीत काकूंच्या गॅलरीत चेंडू गेला की आऊट, तसलाच प्रकार! फक्त एप्रिलात जाऊ नका. वेलीच्या नुसत्या काड्या असतात आणि जवळच्या मिशिगन तळ्यावरचं वारं हाडं गोठवतं.