घराणं मोठं करायचंय? मग फुल्क नेराची शिकवणी लावा

मोटिव्हेशनल व्हिडिओ बघत बसू नका हो, घराण्याचं नाव हजार वर्षं टिकवायचं असेल तर सरळ फ्रान्समधल्या आंजू परगण्याच्या काउंट फुल्क नेराला गुरू करा. 987 साली वडील गेले तेव्हा हा कोवळा पोरगाच, आणि तिथून पुढे 1040 पर्यंत म्हणजे तब्बल 53 वर्षं गादी सोडली नाही. लोआर नदीच्या खोऱ्यात किल्ल्यांमागून किल्ले बांधले, त्यातला लांजेचा दगडी बुरुज पडका का होईना आजही उभा आहे. पण किल्ले काय, कुणीही पैसेवाला बांधतो. आपल्याला शिकायचंय ते फॅमिली मॅनेजमेंट.

सुरुवात बहिणीच्या सासरपासून करा. शेजारच्या ब्रिटनी प्रांताचा सत्ताधीश कोनान हा फुल्कच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, पण नांत शहर कोणाचं यावरून बिनसलं आणि 992 साली लढाईत जावईबापू ठार. मानपानाचा प्रश्नच मिटला.

मग बायको. पहिली एलिझाबेथ, वांदोमच्या काउंटची मुलगी, म्हणजे स्थळ एकदम तोलामोलाचं. एक मुलगी झाली, मुलगा नाही. तर 1000 सालाच्या आसपास तिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून तिला जिवंत जाळलं. वकील नको, पोटगी नको, तारखा नकोत. यानंतर दुसरं लग्न झालं हिल्डेगार्डशी आणि 1006 मध्ये मुलगाही झाला, तेव्हा ज्यांना स्थळं येत नाहीत त्यांनी उगाच पत्रिकेला दोष देऊ नये.

कोणी म्हणेल हा माणूस नात्यांना जपत नव्हता. साफ खोटं! आत्याची मुलगी कॉन्स्टन्स ही फ्रान्सच्या रॉबर्ट राजाला दिलेली, आणि राजाचा लाडका दरबारी ह्यूग द बोव्हे तिच्या विरोधात राजाचे कान भरत होता. 1008 साली राजा शिकारीला गेलेला असताना फुल्कच्या माणसांनी ह्यूगला राजाच्या डोळ्यांदेखत कापला. आतेबहिणीच्या संसारासाठी एवढं कोण करतं आजकाल?

मित्रांशी कसं वागावं तेही बघा. 1016 मध्ये पाँलव्वाच्या लढाईत फुल्क जवळजवळ हरला होता, मेन नावाच्या शेजारच्या परगण्याचा काउंट एर्बेर ऐनवेळी धावून आला म्हणून अब्रू वाचली. उपकार विसरायचे नसतात, म्हणून 1025 ला जहागीर देतो असं सांगून त्याच एर्बेरला सेंत गावी बोलावून घेतलं आणि जवळजवळ दोन वर्षं कोठडीत ठेवलं. फुकट राहणं-जेवण!

आता तुम्ही विचाराल, पापाचं काय? इथेच तर खरी हुशारी आहे. जेरुसलेमला जाऊन यायचं. फुल्कने तीन-चार वाऱ्या केल्या, पहिली 1003 च्या सुमारास, आणि परत आला की पुन्हा नवीन खातं उघडायचं. एका वारीत म्हणे ख्रिस्ताच्या कबरीचं चुंबन घेता घेता दाताने दगडाचा तुकडाच तोडून आणला. लोशजवळ बोल्यूला मोठा मठही बांधला. तूर शहराच्या आर्चबिशपने, म्हणजे तिथल्या बड्या धर्मगुरूने, तो पवित्र करायला नकार दिला, आधी आमची बळकावलेली जमीन परत करा म्हणे, मग याने डायरेक्ट रोम गाठलं आणि पोपकडून कार्डिनल, म्हणजे त्याहून वरचा धर्माधिकारी, आणवला. लोकल ऑफिसात काम अडलं तर वरून फोन आणायचा ही पद्धत आपल्याकडचीच आहे असं समजू नका. समारंभाच्याच दिवशी वादळ आलं आणि चर्चचं छप्पर उडालं, पण कार्यक्रम झाला ना, बास.

मुलाचं संगोपन हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. बाप यात्रेला गेला तेव्हा कारभार मुलाकडे, जोफ्रुआ मार्टेलकडे दिलेला, आणि बाप परत आल्यावर पोरगा खुर्ची सोडेना. बापलेकाचं रीतसर युद्ध झालं. हरल्यावर पोराला पाठीवर घोड्याचं खोगीर बांधून रांगत बापाच्या पायाशी यावं लागलं, आणि म्हातारा त्याला लाथ मारून हरलास ना, हरलास ना असं ओरडत होता म्हणतात. पोरगा म्हणाला, हरलो, पण फक्त तुमच्याकडूनच, कारण तुम्ही वडील आहात. या वाक्यावर माफी मिळाली. सुसंस्कृत घर आहे.

शेवटच्या वारीत फुल्कने गळ्यात दोर अडकवून नोकरांकडून स्वतःला फटके मारून घेतले म्हणे, आणि परतीच्या वाटेवर 1040 मध्ये मेस गावी वारला. खातं एकदम क्लिअर.

संस्कार वाया गेले नाहीत. जोफ्रुआला मूल नव्हतं म्हणून गादी फुल्कच्या लेकीच्या मुलांकडे गेली, तर त्यातल्या धाकट्याने थोरल्याला पकडून वर्षानुवर्षं कैदेत सडवला. त्याच धाकट्याच्या वंशातला हेन्री 1154 साली इंग्लंडचा राजा झाला. 1173 मध्ये त्याचीही पोरं बापावर उलटली आणि बायको एलेनॉर पोरांच्या बाजूने गेली. हेन्रीने तिला जाळलं नाही हां, नुसतं पंधरा-सोळा वर्षं नजरकैदेत ठेवलं. तेवढी सुधारणा व्हायला पाच पिढ्या लागल्या, तेव्हा तुम्ही पण घाई करू नका.