पहिल्या फेरीत हरणाऱ्यांचं काय?

१२ जुलै २०२५ला विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असं हरवलं. फायनल ५७ मिनिटांत आटोपली. लंडनमध्ये राहूनही तिकीट काही मिळालं नव्हतं, त्यामुळे मी घरीच टीव्हीसमोर होतो. बक्षीस समारंभात अनिसिमोव्हा रडत बोलत होती, तेवढ्यात आमच्या नाशिकच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला: ‘एक गेम जिंकता आला नाही आणि सतरा कोटी घेऊन गेली!’ त्याखाली तासभर तेच.

आकडा बरोबर आहे. विजेतीला ३० लाख पौंड आणि उपविजेतीला १५ लाख २० हजार. पण हरलेल्याला दिलेला पैसा वाया गेला, हा त्यामागचा समज मला मान्य नाही.

हाच ग्रुप वर्षभरापूर्वी स्वप्नील कुसळेसाठी पोटतिडकीने भांडत होता. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने नाशकात गिरवले, म्हणून आम्हाला तो आपलाच. पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकानंतर राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले, पुढे ते दोन कोटी झाले, तरी हरियाणाच्या मानाने हे कमीच, असं त्याच्या वडिलांनी जाहीरपणे सांगितलं. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पण आमच्या वादात सगळे आकडे पदकानंतरचे होते. पदकाच्या आधीच्या वर्षांत नेमबाजाच्या गोळ्यांचा खर्च कोण करतं, हे एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

विम्बल्डनचा हिशेब जरा मांडून पाहा. एकेरीत १२८ जण उतरतात, त्यातले ६४ पहिल्याच फेरीत घरी जातात. २०२५मध्ये त्या प्रत्येकाला ६६ हजार पौंड मिळाले, म्हणजे आपले सुमारे पंचाहत्तर लाख. ६४ जणांचे मिळून ४२ लाख २४ हजार पौंड होतात. पुरुषांमध्ये अल्काराझला हरवून जिंकलेल्या सिनरला ३० लाख मिळाले. पहिल्या फेरीत हरलेल्यांवर या स्पर्धेने विजेत्यापेक्षा जास्त खर्च केला! तो का करावा, याचं उत्तर अनिसिमोव्हाच देते. २०२३मध्ये मन थकलं म्हणून तिने काही महिने खेळ थांबवला होता. २०२४मध्ये ती विम्बल्डनची पात्रता फेरीसुद्धा पार करू शकली नाही आणि पुढच्याच वर्षी फायनलमध्ये होती.

आपला टेनिसपटू सुमित नागल, त्याचंही तेच. सप्टेंबर २०२३मध्ये बँकेत ९०० युरो उरलेत, असं त्याने सांगितलं होतं. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून वर येऊन त्याने ३१व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा १९८९च्या रमेश कृष्णननंतरचा तो पहिला भारतीय. दुसऱ्या फेरीत तो हरला, पण हातात १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर आले आणि पुढचा मोसम उभा राहिला.

टेनिसमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. टेनिस इंग्लंडमध्येही सुखवस्तू घरांचा खेळ आहे. स्पर्धांच्या उत्पन्नातला आमचा वाटा फार थोडा, ही वरच्या खेळाडूंचीही तक्रार आहे. १९६८मध्ये विम्बल्डनला पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले आणि महिला विजेत्या बिली जीन किंगला ७५०. बरोबरीची रक्कम यायला २००७ उजाडलं, तीही भांडून. शिवाय ग्रँड स्लॅमच्या खाली उतरलं की जमीनच सरकते: १५ हजार डॉलरच्या सर्वांत लहान व्यावसायिक स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. तेवढ्यात हॉटेलचं बिलही भागत नाही.

आणि त्याच्याही खाली माझी चौदा वर्षांची पुतणी आहे. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, नाशिकच्या सातपूरला कारखान्यात कामाला. पुण्यात स्पर्धा असली की दोघं पहाटे तीनला निघतात. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, नारायणगाव करत नऊच्या सामन्याला पोहोचतात. हरली तर दुपारी परतीच्या वाटेवर. प्रवेश फी, पेट्रोल, रॅकेटचं गटिंग (तारा बदलणं), कोचचे पैसे असा सगळा खर्च त्याच्या पगारातून. गेल्या वेळी फोनवर ती म्हणाली, “काका, मी हरले की बाबा काही बोलत नाहीत, पण मला पैसे दिसतात.” त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदाव्या वर्षी पोरीने बॅकहँड मारताना पेट्रोलचा हिशेब का करावा?

म्हणून ग्रुपवर मी एकच मागणी टाकली. नाशकात मुलींची ३२ जणींची स्पर्धा झाली, तर पहिल्या दिवशी हरणाऱ्या १६ जणींना प्रवासखर्च आणि प्रवेश फी परत मिळावी. विजेतीचा चषक थोडा लहान झाला तरी चालेल. आमच्यातल्या दोघांचे नाशिकच्याच अंबडला कारखाने आहेत, एकाची द्राक्षं दरवर्षी युरोपात जातात, म्हणजे हे आमच्या आवाक्यातलं आहे. चार मुलींचा खर्च मी घेतलाय. अंबडवाल्या एकाने कालच विचारलं, “बाहेरगावच्या मुलींनाही द्यायचं का?” मी लिहिलं, त्यांना तर आधी.