‘खालच्यांना विकास कळत नाही’ म्हणे!

चार दिवसांत हा मेसेज तिसऱ्यांदा आला आणि या वेळी थेट मामांकडून. मामांची हयात हिशेबतपासनीस म्हणून गेली, एका व्हाउचरवर दिवसभर अडून बसणारा माणूस. त्यांनीही तो बिनदिक्कत पुढे ढकलावा, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं सार असं: स्थानिक संस्थांना अधिकार दिले की कारभार बिघडतो. कारण सामान्यांना विकास कळत नाही, गरीब भाग आणखी मागे पडतात, निवडणुकांवर खर्च होतो आणि भ्रष्टाचार गल्लीपर्यंत पोचतो. सबब सगळा कारभार एकाच ठिकाणाहून चालवा.

पहिला मुद्दा सगळ्यात संतापजनक. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाने १९९४ साली कायदा करून राष्ट्रीय करउत्पन्नाचा २० टक्के वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात नगरपालिकांना द्यायला सुरुवात केली. त्याआधी स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या पैशातले ८६ टक्के तीन मोठी शहरं नेत आणि उरलेल्या ३०८ पालिका १४ टक्क्यांत भागवत. नंतर या ३०८ जणींचा वाटा ७३ टक्के झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एका अभ्यासकाने हा पैसा कुठे गेला ते तपासलं. जिथे निरक्षरता जास्त तिथे शिक्षणावरचा खर्च वाढला आणि जिथे नळजोडण्या कमी तिथे पाण्यावरचा. वर बसून कारभार हाकणाऱ्यांना ही साधी गोष्ट इतकी वर्षं जमली नव्हती. आणखी गंमत म्हणजे, त्याच्या पाहणीत अत्यंत वाईट कारभार निघाला तो सरकारचं ठाणं असलेल्या ला पाझजवळच्या औद्योगिक वियाचा पालिकेचा, आणि उत्तम निघाला तो दूर कोपऱ्यातल्या, ग्वारानी आदिवासींची बहुसंख्या असलेल्या चारागुआ पालिकेचा. विकास कोणाला कळत नाही म्हणे?

गरीब भागांबद्दल अर्धं खरं आहे. ‘तुमचं तुम्ही कमवा नि खर्चा’ म्हटलं तर श्रीमंत गावं पुढे जाणारच. म्हणून तर बोलिव्हियाने पैसा डोई मोजून वाटला. कामं खाली ढकलायची आणि तिजोरीची किल्ली वरच ठेवायची, याला अधिकार देणं म्हणत नाहीत.

निवडणुकांचा खर्च? मग वरच्याही कशाला घ्यायच्या!

आता भ्रष्टाचार. खालीही चोर असतात, कबूल. वियाचाच घ्या, तिथलं राजकारण एका बिअर कंपनीच्या मुठीत होतं. इंडोनेशियातल्या ६०० हून अधिक गावांत रस्त्यांच्या कामांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तयार रस्ते खणून नमुने काढले आणि किती माल खरंच पडलाय ते मोजलं. कामावर नजर राहावी म्हणून गावच्या बैठकांना जास्त माणसं बोलावून सरासरी फारसा फरक पडला नाही, हेही मला (नाइलाजाने) सांगावं लागतंय. पण ‘सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार’ असं आधीच बजावलेल्या गावांत गायब होणारा पैसा दर शंभर रुपयांमागे सुमारे ८ रुपयांनी घटला. रस्ते गावांनीच बांधले, त्यांचे अधिकार कोणी काढून घेतले नाहीत. फक्त हिशेब तपासणारा माणूस खरंच येणार होता.

मामा, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?